दिवा दिसतो, अंतर दिसत नाही

रात्रीची जेवणे उरकली, जपमाळेची प्रार्थना झाली, म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत गावोगावची मंडळी अंगणात बाजा टाकून आकाशाकडे पाहत पडतात. एखादा तांबडा-हिरवा ठिपका चांदण्यांतून लुकलुकत जातो. मुले "विमान, विमान" म्हणून ओरडतात, आणि घरातील आजी हटकून विचारते, "एवढ्या काळोखात ह्यांना वाट कशी रे सापडते?" पुष्कळदा मुले ह्या प्रश्नाला हसतात. आम्हांस मात्र तो मोलाचा वाटतो. कारण विमानविद्येतील मोठमोठ्या जाणकारांनी ह्याच प्रश्नापायी आपली वर्षे वेचली आहेत.

आजीबाईंना द्यावयाचे उत्तर असे की, उंचावर असताना वाट सापडणे मुळीच अवघड नाही. तेथे ना झाड, ना डोंगर, ना विजेची तार. यंत्रे दिशा सांगतात, उंची सांगतात, वेग सांगतात, आणि जमिनीवरचा नियंत्रक आवाजाने सोबत करतो. कठीण काळ येतो तो अखेरच्या काही मिनिटांत, जेव्हा आकाश सोडून पृथ्वीला पाय लावावयाचे असतात. प्रवासी तेव्हा निश्चिंत झालेले असतात. खिडकीतून गावाचे दिवे दिसू लागतात, "आलो एकदाचे" असे प्रत्येकाच्या मनात येते. आणि नेमके तेच दिवे फसवतात.

हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी बासरच्या आमच्या वाचकांना फार दूर जावे लागणार नाही. बासर 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, पुढे निर्मल जिल्ह्यात गेले. जिल्ह्याचे नाव पालटले तरी गोदावरी आहे तेथेच आहे. श्रीरामसागर धरणाचे पाणी मागे पसरल्यामुळे येथे नदीचे पात्र रुंद झाले आहे. अमावास्येच्या सुमारास रात्री घाटावर उभे राहून पैलतीराकडे, निजामाबादच्या बाजूस पाहावे. मधले पाणी दिसत नाही, नुसता काळोख. पलीकडे एखाद्याच घरी दिवा असतो. तो दिवा किती लांब आहे? कोणी म्हणेल हाकेच्या अंतरावर, कोणी म्हणेल अर्धा कोस. दिवसा ह्याच माणसांनी ते अंतर पुष्कळसे बरोबर सांगितले असते, कारण दिवसा मध्ये नाव दिसते, नावेतला माणूस दिसतो, पाण्यावरची लहर दिसते. रात्री ह्यांतले काहीच नाही. रेल्वेच्या पुलाकडून येणाऱ्या इंजिनाचा दिवा पाहा. तो बराच वेळ एका जागी उभा असल्यासारखा वाटतो, आणि मग एकाएकी गाडी अंगावर आल्याचा भास होतो. दिवा हलत होताच. आपल्या डोळ्यांना ते मोजता येत नव्हते, एवढेच.

आता घाटावरील माणसाच्या जागी विमान चालवणारा मनुष्य कल्पावा. समोर धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन रांगा, त्यांच्यामागे कदाचित शहराचा उजेड. आणि विमान व धावपट्टी ह्यांच्यामध्ये शेते, नदी किंवा रान, म्हणजे निव्वळ काळोख. दिवसा झाडाचा आकार, छपराची रुंदी, रस्त्यावरची बैलगाडी पाहून "आपण इतके उंच आहोत" हे मन न विचारता सांगते. रात्री ते मुके होते. तेव्हा वैमानिक केवळ दिव्यांच्या आकृतीवर विसंबतो, आणि ती आकृती त्याला असे पटवते की आपण आहोत त्याहून उंच आहोत. मग तो विमान थोडे खाली घेतो. पुन्हा तसेच वाटते, पुन्हा थोडे खाली. धावपट्टी समोर स्वच्छ दिसत असते. तो तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच जमीन त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते. वैमानिकांनी ह्या काळोखाला काळ्या विवराचे नाव दिले आहे. धावपट्टी अरुंद असली किंवा पुढच्या बाजूस चढती असली, की भ्रम अधिकच बळावतो. लहान गावांच्या धावपट्ट्या बहुधा अरुंद असतात आणि भोवती शेतेच असतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

ही गोष्ट आम्ही पदरची सांगत नाही. अमेरिकेतील बोइंग कंपनीत कॉनराड क्राफ्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1965 आणि 1966 ह्या वर्षांत रात्री उतरताना काही मोठी विमाने लागोपाठ पडली, आणि त्यांत बिघाड असा फारसा सापडेना. तेव्हा क्राफ्ट ह्यांनी एका खोलीत रात्रीच्या शहराचा दिव्यांचा देखावा उभा केला, आणि मुरलेल्या वैमानिकांना विमानाच्या प्रतिकृतीत बसवून, उंचीचे यंत्र न पाहता नुसत्या नजरेने उतरण्यास सांगितले. ही मंडळी इतरांना शिकवणारी होती. त्यांपैकी बहुतेकांनी विमान फार खाली आणले, आणि आपण खाली आलो आहोत हे त्यांना कळलेही नाही. जो डोळ्यांवर सर्वांत अधिक भरवसा ठेवतो तोच येथे फसतो.

डोळ्यांविषयी आणखी थोडे. उजेडातून काळोखात आलेल्या डोळ्याला पुरते सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि एका झगझगीत दिव्याने तो सराव क्षणात नाहीसा होतो. रात्री शेतात पाणी द्यावयास जाणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असते. म्हणून तो बॅटरी सारखी लावत नाही. दुसरे असे की, भोवती काळोख असताना एकट्या दिव्याकडे टक लावून पाहिले तर थोड्या वेळाने तो दिवा हलतो आहे असे वाटू लागते. कित्येक गावांत रात्री माळावर फिरणाऱ्या दिव्यांच्या ज्या भुताटकीच्या कथा सांगतात, त्यांपैकी काहींचे मूळ ह्यात असावे असा आमचा कयास आहे. असो.

नजरेच्या भ्रमाइतकीच घातक दुसरी एक चूक आहे, ती म्हणजे "आपण पोहोचलो" ह्या समजुतीची. तिचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलेले आहे. 1962 सालच्या जुलै महिन्याची 7 तारीख. ऑस्ट्रेलियातील सिडनीहून निघालेले आलितालिया ह्या इटालियन कंपनीचे विमान डार्विन, सिंगापूर, बँकॉक असे थांबत मुंबईकडे येत होते. पुढे कराची, तेहरानमार्गे त्यास रोमला जावयाचे होते. ते चार इंजिनांचे मोठे जेट विमान होते आणि त्यात 94 माणसे होती. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. पावसाळा ऐन भरात, सह्याद्रीवर ढगांचे झाकण. मुंबईच्या नियंत्रकाशी बोलणे चालू होते आणि उतरण्याची सिद्धता झाली होती.

परंतु विमान मुंबईजवळ आलेच नव्हते. आपण आहोत त्याहून पुष्कळ पुढे आलो आहोत, अशी चालकांची समजूत झाली होती. मुंबईपासून सुमारे 84 किलोमीटर अंतरावर, जुन्नरच्या डोंगराळ मुलखात, दावंड्याच्या डोंगरावर ते सुमारे 3,600 फूट उंचीवर आदळले. एकही मनुष्य वाचला नाही. आघात डोंगरमाथ्याच्या अगदी लगत, काही फूट खाली झाला. आणखी थोडे उंच असते तर विमान माथ्यावरून निघून गेले असते आणि आपण कशातून वाचलो हे त्या 94 जणांना कधी कळलेही नसते.

चौकशीतून निघालेले कारण सरळ होते. दिशा-अंतराच्या हिशेबात चूक झाली, ती चूक मुंबईच्या परिसरातील मार्गदर्शक यंत्रांशी ताडून पाहिली गेली नाही, त्या भागासाठी ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, आणि खालचा मुलूख चालकांना परिचित नव्हता. एक साधा हिशेब मांडून पाहू. विमाने धावपट्टीकडे सुमारे तीन अंशांच्या उताराने येतात. ह्या उतारावर धावपट्टीपासून एक किलोमीटर दूर असताना विमान सुमारे 52 मीटर उंच असते; पाच किलोमीटरवर सुमारे 260 मीटर. हाच उतार 84 किलोमीटरपर्यंत लांबवला तर उंची सुमारे 4,400 मीटर, म्हणजे 14,000 फुटांच्या पुढे येते. दावंड्याचा डोंगर त्याच्या चौथाईएवढाच. तो काही आडवा आला नव्हता. तो युगानुयुगे तेथेच उभा आहे, आणि जुन्नरच्या गुराख्याच्या पोरालाही त्याची उंची पायांनी ठाऊक आहे.

एवढ्या मोठ्या विमानात अनेक यंत्रे, अनेक माणसे असतात, तरी असे घडते. मग लहान विमानांची स्थिती काय वर्णावी! लहान विमान म्हणजे एक किंवा दोन इंजिनांचे, चार-आठ माणसांचे. त्यात पुष्कळदा एकच वैमानिक, किंवा एक शिकवणारा व एक शिकणारा. ते हलके असते, वाऱ्याचा झोत आला की गोते खाते. शिवाय त्याला उतरावयाचे असते ते बऱ्याचदा मनोऱ्यावर रात्री कोणी नसलेल्या, मोजक्या दिव्यांच्या धावपट्टीवर.

कोणी विचारील की, इतके असताना ही चिमुकली विमाने रात्री उडवावीतच कशाला? श्रीमंतांची हौस म्हणून काही उडत असतील. त्यांच्याविषयी आम्हांस काही सांगावयाचे नाही. परंतु त्यांपैकी कित्येकांत एखादा अत्यवस्थ रुग्ण असतो, औषधाची खोकी असतात, कधी एका शहरात मृत्यू पावलेल्या दात्याचे हृदय दुसऱ्या शहरातील रुग्णासाठी चाललेले असते. आणि काही विमानांत शिकाऊ मुले असतात. धंदेवाईक वैमानिकाचा परवाना मिळवावयाचा तर निदान पाच तास रात्रीचे उड्डाण, आणि त्यात स्वतःच्या जबाबदारीवर निदान दहा वेळा उडणे व दहा वेळा उतरणे, असा आपल्या देशाचा नियम आहे. आज आपल्याला दुबईहून घरी आणणाऱ्या वैमानिकानेही पहिल्यांदा ह्याच लहान विमानातून काळोखात उतरण्याचा धडा गिरवलेला असतो.

मध्य प्रदेशात रीवा येथे अशाच शिकवणीच्या वेळी 2023 च्या जानेवारीत अपघात झाला. 5 तारखेची रात्र, साडेअकराचा सुमार, थंडीचे धुके. शिक्षक व शिष्य असे दोघेच विमानात होते. उतरण्याच्या प्रयत्नात विमान धावपट्टीऐवजी जवळच्या उमरी गावातील मंदिराच्या घुमटाला आणि विजेच्या तारांना धडकले. शिक्षक गेले, शिष्य जखमी झाला. गाव झोपलेले होते. आम्ही ह्या बातमीचा विचार करतो तेव्हा त्या उमरीच्या लोकांची आठवण राहून राहून येते. आपल्या माथ्यावर रात्री कोणी शिकत आहे, ह्याची त्यांपैकी कितीजणांना कल्पना असेल?

त्याहून भीषण प्रसंग दिल्लीजवळ फरिदाबाद येथे 25 मे 2011 च्या रात्री ओढवला. पाटण्याहून एका तरुण रुग्णाला उपचारासाठी दिल्लीस नेणारे एका इंजिनाचे रुग्णवाहक विमान वादळी हवेत सापडले. उतरण्यासाठी ते दिल्लीच्या जवळ आलेलेच होते. वाऱ्याचे तडाखे, ढग आणि रात्र ह्यांत ते चालकांच्या ताब्यातून गेले आणि वस्तीतील घरांवर पडले. विमानातील सातही जण गेले, आणि खाली आपल्या घरी असलेल्या तीन स्त्रियाही गेल्या. चौकशीने एकच एक कारण नक्की केले नाही. बिघडलेली हवा, तीत विमान हाताळताना झालेली चूक, आणि वर कोणते व खाली कोणते ह्याचे भान सुटणे, ह्यांपैकी एक किंवा अनेक, असा निष्कर्ष निघाला. हे भान सुटणे म्हणजे काय, ते विहिरीत बुडी मारणाऱ्या मुलांनी अनुभवले असेल. गढूळ पाण्यात दोन कोलांट्या खाल्ल्या की क्षणभर तळ कोणीकडे आणि काठ कोणीकडे हे कळेनासे होते. ढगात शिरलेल्या वैमानिकाचे अंग त्याला खोटे सांगते. खरे सांगतात ती समोरची यंत्रे, पण जीव घाबरा झाला की अंगाचेच ऐकावेसे वाटते.

मुंबईच्या समुद्रानेही अशी एक रात्र पाहिली आहे. 28 जुलै 1963 रोजी पहाटेपूर्वीच्या काळोखात इजिप्तच्या कंपनीचे एक कॉमेट विमान पावसात व वादळी वाऱ्यात मुंबईला उतरण्यासाठी वळत असता मढ बेटाजवळ समुद्रात कोसळले आणि 63 जण मृत्युमुखी पडले. त्यांत फिलिपाइन्समधील 24 जणांचे बालवीर पथक होते. ग्रीस देशात मॅरेथॉन येथे भरणाऱ्या जागतिक मेळाव्यास ते चालले होते. त्यांच्या देशात, केझोन शहरात, एका वस्तीतील रस्त्यांना त्यांची नावे दिलेली आहेत. आज तेथील मुले शाळेला जाताना त्या रस्त्यांनी जातात. मढच्या कोळीवाड्यांतील आमच्या वाचकांनी आपल्या किनाऱ्याचे हे दूरचे नाते जाणून घ्यावे, म्हणून हा उल्लेख केला.

आता दुःखाच्या गोष्टी पुरे. एका रात्रीची थोडी निराळी हकीकत सांगतो. 6 मे 2021, गुरुवार. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस आठवा; घरोघर कोणी ना कोणी श्वासासाठी तळमळत होते. त्या एकाच रात्री आपल्या देशात दोन लहान विमानांवर उतरताना संकट आले, आणि दोन्ही विमाने रोग्यांच्याच कामी निघालेली होती.

पहिले मध्य प्रदेश सरकारचे. त्यात रेमडेसिविर औषधाची खोकी होती. ग्वाल्हेरला उतरताना ते धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या जाळीला धडकले. ही जाळी लष्करी विमानांना अडवण्यासाठी असते. विमानाची मोडतोड झाली, परंतु आतील तिघेही वाचले. दुसरे विमान नागपूरहून निघालेले रुग्णवाहक. रुग्ण, त्याचा नातलग, डॉक्टर आणि दोन चालक अशी पाच माणसे आत. नागपूरची जमीन सोडतानाच विमानाचे एक चाक गळून पडले. चालकांना ते कळले नव्हते; पहाऱ्यावरील एका सुरक्षा जवानाच्या नजरेस ते पडले आणि त्याने तत्काळ वर्दी दिली. पुढची व्यवस्था मुंबईत करण्याचे ठरले. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरण्यात आला, बंब उभे राहिले, आणि रात्री नऊच्या सुमारास कप्तान केसरी सिंग ह्यांनी चाके खाली न सोडता विमान पोटावर उतरवले. पाचही जण सुखरूप बाहेर आले. चालकाच्या कौशल्याची त्या वेळी देशभर वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. आमचे मन मात्र नागपूरच्या त्या जवानाकडे वळते. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने विमान उडताना शेवटपर्यंत पाहत राहावे, ह्यात विशेष ते काय? पण त्याने पाहिले नसते तर मुंबईत फेस कोणी पसरला असता, आणि एक चाक नसलेले विमान चाकांवरच उतरवले गेले असते.

रात्री उतरणाऱ्याला खालून मदत करण्याची जी साधने आहेत, त्यांतील एक आम्हांस फार आवडते, कारण ते शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. धावपट्टीच्या कडेला, बहुधा डाव्या हाताला, चार दिवे एका ओळीत बसवलेले असतात. प्रत्येक दिवा वरच्या बाजूस पांढरा आणि खालच्या बाजूस तांबडा उजेड फेकतो, आणि प्रत्येकाचा कोन किंचित वेगळा असतो. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर विमान बरोबर उतारावर आहे. चारही पांढरे, तर फार उंच. तीन तांबडे झाले की सावध. चारही तांबडे, तर धोका, ताबडतोब वर चला. डोळ्यांना जे अंतर दिसत नाही, ते ह्या चार दिव्यांत रंगाच्या रूपाने लिहून ठेवलेले असते. मात्र ते वाचण्यासाठी मध्ये अडथळा नसावा आणि वैमानिकाचे डोळे दिपलेले नसावेत.

येथे आपणा खालच्या मंडळींचा संबंध येतो. वर दिलेला हिशेब पुन्हा आठवा: एक किलोमीटरवर 52 मीटर. काळ्या विवराने फसलेले विमान त्याहूनही खाली असते. मग उंच मनोरा, धुराडे किंवा टॉवर ह्यांच्या माथ्यावरील तांबडा दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही. तो बिघडलेला दिसला तर ग्रामपंचायतीत सांगावे, पाठपुरावा करावा. विमानतळाभोवती दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व कचरा टाकण्यास 1937 च्या विमान-नियमावलीत बंदी घातलेली आहे. कारण घाणीवर घारी-गिधाडे जमतात आणि ती इंजिनात शिरतात. अलीकडे वरातींत व मिरवणुकींत आकाशात हिरव्या किरणांचे झोत सोडण्याची टूम निघाली आहे. हा झोत मैलोगणती जातो, आणि विमानाच्या काचेवर पडला की सगळी काचच उजळून निघते. अर्ध्या तासात सरावलेले डोळे क्षणात आंधळे होतात, तेही चार दिवे वाचावयाच्या घटकेला. लग्नघरच्या तरुणांना हे कोणी सांगितलेले नसते, वडीलधाऱ्यांनी सांगावे.

आदिलाबादला जुनी धावपट्टी आहे, आणि तेथे विमानतळ व्हावा अशी त्या भागाची मागणी बऱ्याच वर्षांची आहे. नांदेडचा विमानतळ तर बासरकरांना परका नाही. तेव्हा ह्या गोष्टी आपल्याला लागू नाहीत असे कोणी समजू नये.

एक गोष्ट मात्र सर्वस्वी वैमानिकाच्याच हाती असते, ती म्हणजे उतरणे सोडून देऊन पुन्हा वर जाणे. विमान स्थिर नसेल, धावपट्टी नीट दिसत नसेल, फार पुढे आलो असे वाटले, तर इंजिनाला जोर देऊन वर उठावे, एक फेरा घालावा, पुन्हा यावे. तेही न जमले तर दुसऱ्या गावी जावे. ह्यात अप्रतिष्ठा नाही. उलट तसे शिकवलेलेच असते. तरी पण घर समोर दिसत असताना माघारी फिरणे माणसाच्या जिवावर येते. केरळात कोळिकोड येथे 7 ऑगस्ट 2020 च्या रात्री एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान पावसात उतरत होते. कप्तान दीपक साठे हे वायुदलातून निवृत्त झालेले अनुभवी अधिकारी, मूळ नागपूरच्या घरचे. पहिल्या खेपेस त्यांनी उतरणे सोडून विमान वर नेलेही होते. दुसऱ्या खेपेस वारा पाठीमागून होता, विमान धावपट्टीच्या मध्याच्या जवळपास जाऊन टेकले, सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचे सुचवले, पण वेळ निघून गेली. डोंगरमाथ्यावरील ती धावपट्टी संपली आणि विमान खालच्या उतारावर पडून दुभंगले. 190 जणांपैकी 21 जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. ठरलेली पद्धत सोडून उतरणे चालू ठेवले, असे चौकशीने म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याच विमानतळावरून त्यांना पुढचे उड्डाण करावयाचे होते, हेही अहवालात नोंदले. मृताला दोष देणे सोपे असते. त्या पावसात, त्या दिव्यांसमोर, तीस वर्षांहून अधिक अनुभवाच्या माणसाचाही निर्णय चुकू शकतो, एवढेच आम्ही त्यातून घेतो.

त्या रात्री कोंडोट्टीच्या परिसरातील लोकांनी जे केले, ते येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. कोरोनाच्या भीतीने शेजारी शेजाऱ्याला शिवत नव्हता. विमान परदेशातून आलेले. तरी आवाज ऐकताच मंडळी पावसात धावली, रुग्णवाहिकांची वाट न पाहता आपल्या मोटारींतून आणि टॅक्सींतून त्यांनी जखमींना रुग्णालयांत पोहोचवले, आणि मध्यरात्री रक्त देण्यासाठी रांगा लावल्या. नंतर त्यांपैकी पुष्कळांना कित्येक दिवस विलगीकरणात काढावे लागले.

आपल्या गावाजवळ असा प्रसंग आलाच तर काय करावे, हे थोडक्यात सांगून ठेवतो. प्रथम 112 ह्या क्रमांकावर खबर द्यावी आणि जागेची खूण नीट सांगावी. विमानाचे इंधन सांडलेले असते, म्हणून विडी, कंदील किंवा चूल जवळ नेऊ नये. उजेडासाठी बॅटरी वापरावी. पंखा फिरत असेल तर पुढून जाऊ नये. आगीचा धोका दिसत नसेल तर जखमीला हलवू नये; हलवणे भागच पडले तर मान व पाठ सरळ धरून हलवावे. तारा तुटल्या असतील तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यांना स्पर्श करू नये. आणि मोडका पत्राही कोणी उचलून नेऊ नये. कारण तो कोठे, कसा पडला ह्यावरूनच चौकशी होते. "काळी पेटी" म्हणतात ती प्रत्यक्षात नारिंगी रंगाची असते. अगदी लहान विमानांत ती पुष्कळदा नसतेच. तेव्हा ज्यांनी विमान पडताना पाहिले, त्यांची साक्ष हाच मोठा पुरावा ठरतो. दिवे कसे दिसत होते, इंजिनाचा आवाज येत होता की थांबला होता, पाऊस होता की धुके, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे.